पांडवांनी नव्हे, सियागुतणिकेने दिलेले लेणे



आम्ही वलवणला काम करतो. मुंबई-पुण्याच्या माणसांना वलवण म्हणजे धरण, बंगले आणि चिक्की घेण्यासाठी थांबायचे ठिकाण. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी लोणावळा, वलवण आणि शिरवटा अशी तीन तळी बांधली गेली. त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला गेले आणि 1915 पासून त्या पाण्याची वीज मुंबईला मिळू लागली. वलवणचा इतिहास म्हणून आम्हाला शाळेत एवढेच सांगितले गेले. त्याआधी इथे जणू काहीच नव्हते!

काही महिन्यांपूर्वी आम्ही वस्तीतल्या तीसेक मुलामुलींना घेऊन भाजे लेणी बघायला गेलो. लोणावळ्याहून लोकलने एकच स्टेशन, मळवली, तिथून पायी. वर पोहोचलो तर एक गृहस्थ पर्यटकांच्या घोळक्याला माहिती देत होते. पांडव वनवासात असताना त्यांनी एका रात्रीत ही लेणी खोदली, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिले, वगैरे. आमच्यातली सातवीतली एक मुलगी विहारात शिरली, दगडात कोरलेले ओटे मोजून आली आणि आम्हाला म्हणाली, "पांडव तर पाचच होते ना? मग झोपायच्या जागा एवढ्या कशाला?"

आम्ही एम.ए.ला समाजशास्त्र शिकलो, पण एवढा सरळ प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आणि त्या उत्तरात आपल्या चळवळीतल्या तरुणांना थोडे टोचेल असेही काही आहे. ते शेवटी येईल.

दगडच बोलतो

मावळात इंद्रायणीच्या खोऱ्याच्या एका अंगाला कार्ले आहे, दुसऱ्या अंगाला भाजे. कामशेतजवळ बेडसे. तळेगावजवळ शेलारवाडीची लेणी, म्हणजे ज्या डोंगराला आज घोरावडेश्वर म्हणतात तो. ही सगळी बौद्ध भिक्खूंची निवासस्थाने आणि चैत्यगृहे आहेत, यात अभ्यासकांमध्ये कसलाही वाद नाही. भाजे इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातले, बेडसे त्यानंतरचे, कार्ल्याचे मोठे चैत्यगृह इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे 124 फूट लांब आणि 45 फूट रुंद व तेवढेच उंच आहे. आत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा स्तंभ आणि स्तूपामागे साधे सात. छताच्या लाकडी फासळ्या आजही तिथे आहेत. दोन हजार वर्षांचे लाकूड आपल्या डोक्यावर आहे आणि खाली आपण सेल्फी काढतो आहोत!

पण लेण्यांची खरी संपत्ती भिंतीवरच्या ओळींत आहे. जेम्स प्रिन्सेपने 1837 च्या सुमारास ब्राह्मी, म्हणजे आपण ज्या लिपीला धम्मलिपी म्हणतो ती, वाचून दाखवली. पुढे जेम्स बर्जेस आणि आपले भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांतले शिलालेख 1881 मध्ये छापले. तेव्हापासून हे लेख सगळ्या जगाला वाचायला मिळाले. म्हणजे पांडवांची गोष्ट खोटी आहे हे कळून एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी ती गोष्ट अजून चालते. का चालते?

कारण पांडवांच्या गोष्टीत दाता नाही, कारागीर नाही, भिक्खू नाही, भिक्खुणी नाही. त्या गोष्टीत फक्त चमत्कार आहे. ज्या समाजाने दगड फोडला, घाम गाळला, आपल्या कमाईतला वाटा दिला, तो समाजच गोष्टीतून उडून जातो. इतिहास पुसायला दर वेळी हातोडा लागत नाही. एक गोष्ट पुरते.

दाते कोण होते?

आता शिलालेख काय सांगतात ते बघू.

कार्ल्याचे चैत्यगृह पूर्ण केले ते वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या सेठीने. वैजयंती म्हणजे कर्नाटकातले बनवासी. आपले हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असे त्याने अभिमानाने कोरून ठेवले. समोरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. दर्शनी दरवाजाच्या कामात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे आणि त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचेही, म्हणजे अत्तर-सुगंधाच्या व्यापाऱ्याचे. आतल्या स्तंभांवर 'यवन' म्हणवणारे अनेक दाते आहेत, तेही धेनुकाकटचेच. एक स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमित्ताचा आहे. तो धम्मुत्तरीय परंपरेतला, आणि त्याच्या स्तंभात धातू ठेवण्यासाठी खळगा आहे. कोडी नावाच्या भिक्खुणीने वेदिकेचे दान दिले. ती घुणिकाची आई होती असे लेखात लिहिले आहे. पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 24 व्या वर्षी अबुलामाच्या हरफरणाने नऊ खोल्यांचा मंडप महासंघिकांना दिला. त्याचे आणि त्याच्या बापाचे नाव इराणी वळणाचे आहे.

सुतार, अत्तरवाला, सेठी, यवन, भिक्खू, भिक्खुणी असलेली आई आणि इराणी नावाचा उपासक, हे सगळे एकाच लेण्याच्या भिंतींवर नांदतात. कोणाच्या नावापुढे गाव आहे, कोणाच्या धंदा, कोणाच्या बापाचे किंवा मुलाचे नाव. हे लेणे बघायला जाताना आपण आपल्या आडनावावरून आपली जात ओळखली जाईल का याची धास्ती घेऊन जातो. त्या भिंतीवर मात्र धंदा सांगायला कोणाला लाज वाटलेली नाही.

आता भाज्याला या. तिथे एका पाण्याच्या टाक्याचे दान महारठी कोसिकीपुत्त विण्हुदत्त याने दिले आहे. लेखातला शब्द आहे 'पोढी'. आपण आजही लेण्यातल्या टाक्याला पोढीच म्हणतो. 'लेण', 'गाम', 'पोढी' हे त्या दगडावरचे शब्द आपल्या आयांच्या तोंडात अजून आहेत. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा सगळीकडे सत्कार-सोहळे झाले. मराठीच्या प्राचीनतेची चर्चा निघाली की लेण्यांतल्या प्राकृत लेखांकडे बोट दाखवले जाते. मात्र ती अक्षरे कोणासाठी कोरली गेली, हे सांगताना वक्त्यांचा आवाज खाली जातो.

पोढीपाशी आम्ही मुलांना थांबवले आणि महाडची गोष्ट सांगितली. 1927 मध्ये बाबासाहेबांना चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. 1934 मध्ये वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघालेल्या बाबासाहेबांना आणि त्यांच्या सोबत्यांना वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात टाक्याचे पाणी बाटवले म्हणून अपमान सोसावा लागला. लेण्याकडे जाणाऱ्या वाटेवरच! मुलांना आम्ही म्हटले, आपल्याच मावळात दोन हजार वर्षांपूर्वी एका महारठीने डोंगरात टाके खोदवले आणि ते संघाला दान दिले. त्या संघात येणाऱ्याला जात विचारली जात नव्हती. बुद्धाच्या संघात उपाली न्हावी होता आणि सुनीत भंगीकाम करणारा होता, हे पाली साहित्य सांगते.

नांगरट्याची बायको

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येऊ.

शेलारवाडीच्या लेण्यात एक लेख आहे. धेनुकाकटला राहणारा उसभणक, तो 'हालकिय कुडुबिक', म्हणजे नांगर धरणारा शेतकरी कुटुंबप्रमुख. त्याची 'कुडुबिनी' सियागुतणिका. तिने आपला मुलगा नंद गहपती याच्यासह हे लेणे दान दिले. भाज्यालाही बाधा नावाच्या बाईचे दान आहे, तीही हालिकाची, नांगरट्याची बायको.

एका शेतकऱ्याच्या बायकोचे नाव, नवऱ्याच्या आधारे का होईना, पण दाती म्हणून, दगडात, कायमचे. मनुस्मृतीने बाईला बालपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात ठेवले. सियागुतणिकेच्या लेखातही नवरा आणि मुलगा दोघे आहेत, पण दान तिचे आहे आणि मुलगा तिच्यासोबत आहे. हा फरक लहान वाटतो. ज्या बाईच्या नावावर सातबाऱ्यात आजही गुंठाभर जमीन नसते, तिला विचारा हा फरक केवढा आहे.

आणि तो 'कुडुबिक' शब्द बघा. कुटुंबिक, कुडुंबिक, कुणबी, अशी या शब्दाची वाट अनेक भाषा-अभ्यासकांनी दाखवली आहे. म्हणजे मावळातला आजचा कुणबी शेतकरी ज्या शब्दाने स्वतःची ओळख सांगतो, तो शब्द बौद्ध लेण्यात दात्याचा म्हणून कोरलेला आहे. हे आम्ही मावळातल्या एका मराठा मित्राला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

कोणी सांगितले नाही, हे खरे. पण मित्रांनो, आपण तरी सांगितले का?

इथे सोनेरी युग शोधू नका

आता जे टोचेल ते. शिलालेख पुरावा म्हणून मानायचे तर पूर्ण मानावे लागतात. सोयीचे घ्यायचे आणि अडचणीचे सोडायचे, हे आपण पांडववाल्यांकडून शिकू नये.

कार्ल्याच्या भिक्खूसंघाचे त्या काळचे नाव 'वलुरक'. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलुरकच्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले. त्याच लेखात त्याने ब्राह्मणांनाही गावे आणि दाने दिल्याची यादी आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडली आणि तेच गाव महासंघिक भिक्खूंना पुन्हा दिले. हा हुकूम त्याने ज्या अमात्याला पाठवला तो मामाड इथला. हे मामाड म्हणजेच आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात. पण त्याच गौतमीपुत्राची त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या लेण्यात जी प्रशस्ती कोरवली, तिच्यात त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असे गौरवाने म्हटले आहे. आणि ती प्रशस्ती कोरलेले लेणे दान दिले आहे बौद्ध भिक्खूंना!

म्हणजे राजा एका हाताने संघाला गाव देत होता आणि दुसऱ्या हाताने वर्णव्यवस्था राखत होता. संघ ते गाव घेत होता. त्या गावातला कर कोण भरत होता? उसभणकासारखा नांगरट्याच.

दामोदर धर्मानंद कोसंबींनी हे फार स्पष्ट पाहिले. ते गणितज्ञ होते, पुण्याहून मुंबईला रेल्वेने कामाला जात आणि मधल्या याच डोंगरांत पायी भटकत. मठ व्यापारी मार्गांवर का उभे राहिले, घाटाच्या तोंडाशी का आहेत, व्यापाऱ्यांचे तांडे आणि भिक्खूसंघ एकमेकांना कसे आधार देत, हे त्यांनी दाखवले. ज्या बोरघाटातून आज रेल्वे आणि द्रुतगती मार्ग जातो, त्याच घाटमाथ्याच्या पट्ट्यात ही लेणी आहेत, हा योगायोग नाही. पण यातून एक कटू गोष्टही निघते. जो संघ व्यापाराच्या पैशावर आणि राजाच्या गावांवर जगतो, तो व्यापार आटला आणि राजा फिरला की उघडा पडतो. उपासकांचा समाज उभा नसेल तर सुंदर दगड मागे राहतात, धम्म उरत नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी विचारले आहे की भिक्खू हा केवळ परिपूर्ण मनुष्य व्हायला निघालेला आहे, की समाजाचा सेवक आहे? त्यांचे मत स्वच्छ होते. समाजसेवक नसलेल्या भिक्खूकडून धम्माला आशा नाही. हा प्रश्न त्यांनी पुस्तकात बसून काढलेला नाही. दोन हजार वर्षांच्या पडझडीने तो काढला आहे.

गोव्यातला मठ आणि भाज्याचे थेर

पडक्या मठाचा प्रश्न फक्त आपलाच नाही. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा मठ आहे. ऑगस्टिनियन संन्याशांनी तो सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतला. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनेच धार्मिक पंथांचे मठ बंद केले. मठ ओस पडला, छत कोसळले, आणि आज एका उंच बुरुजाचा उरलेला भाग तेवढा उभा आहे. तोही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. त्या मठात जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष पुरले असल्याची नोंद होती. 1624 मध्ये इराणात तिला ठार मारले गेले होते. खात्याने उत्खनन केले, हाडांचा तुकडा सापडला, हैदराबादच्या प्रयोगशाळेत जनुकीय तपासणी झाली, आणि 2021 मध्ये भारत सरकारने ते अवशेष समारंभपूर्वक जॉर्जियाला दिले.

एका हाडाच्या तुकड्यासाठी एक देश अनेक वर्षे पाठपुरावा करतो. याला वारसा म्हणतात.

आता भाज्याला या. तिथे एका जागी चौदा स्तूप आहेत, पाच कातळाच्या आत, नऊ बाहेर. ते तिथल्या थेरांच्या स्मरणाचे आहेत. काहींवर नावे आहेत: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. दोन हजार वर्षांपूर्वी मावळात राहिलेली, शिकवलेली, इथेच देह ठेवलेली माणसे. आमच्या तीस मुलांपैकी एकालाही ही नावे माहीत नव्हती. खरे सांगायचे तर आमच्यातल्या चार कार्यकर्त्यांपैकी दोघांनाही नव्हती. केतेवानला जॉर्जिया आहे. धम्मगिरीला कोण आहे?

एकवीरेचा प्रश्न

आता तो विषय, ज्याच्यावरून दरवर्षी वाद पेटतो. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर उजव्या बाजूला दुसरा सिंहस्तंभ होता असे मानले जाते. त्या जागी आज एकवीरा देवीचे मंदिर आहे. लाखो कोळी, आगरी आणि इतर भाविक तिथे येतात.

आपल्यातले काही तरुण म्हणतात की एकवीरा म्हणजे मुळात महामाया. आमचे म्हणणे असे: तसा शिलालेख असेल तर दाखवा. नसेल तर ते आपण ठामपणे सांगू नये. पांडवांची गोष्ट पुराव्याशिवाय आहे म्हणून आपण ती नाकारतो. मग आपली पुराव्याशिवायची गोष्ट कशी स्वीकारायची? बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली तेव्हाच्या भाषणात पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्ध, असे प्रतिपादन केले आणि त्यावर आपण लिहिणार आहोत असेही सांगितले. ते लिहायला त्यांना आयुष्य पुरले नाही. पण सिद्धांत मांडला की तो पुराव्यानिशी लिहून सिद्ध करण्याची जबाबदारी आपली, ही त्यांची शिस्त होती. घोषणेची उंची तेवढी घ्यायची आणि शिस्त सोडायची, ही त्यांच्याशी बेइमानी आहे.

आणि दुसरी गोष्ट. देवीच्या पायऱ्या चढणारा कोळी बांधव आपला शत्रू नाही. समुद्रावर मजुरी करणारी, बाजारात टोपली घेऊन बसणारी ती माणसे सियागुतणिकेच्याच वर्गातली आहेत. त्यांना हटवण्याची भाषा केली की आपण हरलो. त्यांना सोबत घेऊन चैत्यगृहात गेलो, 'ही बघा, सुताराने आणि नांगरट्याच्या बायकोने उभारलेली लेणी' असे म्हणालो, तर लढाईचा अर्थ बदलतो. लेण्याखालच्या गावाचे नावच वेहेरगाव आहे. वेहेर म्हणजे विहार. गावाने नाव जपले, अर्थ हरवला. तो अर्थ गावालाच परत द्यायचा आहे.

बोधगयेत 1949 च्या कायद्याने महाविहाराच्या व्यवस्थापनात बौद्धांसोबत हिंदू सदस्य बसवले, आणि त्याविरुद्ध 2025 मध्ये पुन्हा मोठे आंदोलन उभे राहिले. ती लढाई व्यवस्थापनाची आहे आणि ती रास्त आहे. कार्ल्या-भाज्याची लढाई वेगळी आहे. इथे मालक सरकार आहे. इथली लढाई अर्थ सांगण्याची आहे.

कायदा आपल्या हातात आहे

संविधानाचे कलम 49 राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे ही राज्याची जबाबदारी ठरवते. कलम 51अ मध्ये संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. 1958 च्या प्राचीन स्मारके कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगीशिवाय बांधकाम नाही, असे बंधन आले. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणखी एक बाब कार्यकर्त्यांनी पाठ करावी. 1991 चा प्रार्थनास्थळे कायदा म्हणतो की 15 ऑगस्ट 1947 रोजी स्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते ते बदलता येणार नाही. पण 1958 च्या कायद्याखाली येणारी प्राचीन स्मारके त्यातून वगळली आहेत. म्हणून आपल्या लेण्यांचे रक्षण 1958 च्या कायद्यानेच मागावे लागेल. आणि हा कायदा आपल्यालाही लागू आहे. संरक्षणात येताना जिथे पूजा चालू नव्हती तिथे नवी पूजा सुरू करू द्यायची नाही, असे पुरातत्त्व खात्याचे धोरण आहे. म्हणजे कोणी नवी घंटा टांगली तर आपण तक्रार करायची, आणि आपणही तिथे नवी मूर्ती बसवायची नाही. स्तूपावर मेणबत्तीचे मेण सांडायचे नाही, दगडाला निळा रंग लावायचा नाही. प्रेमाने केलेली हानीही हानीच असते.

मग करायचे काय?

पहिले, लिपी शिका. महाराष्ट्रात अनेक तरुण धम्मलिपी शिकत आहेत, रविवारी लेण्यांवर जाऊन वाचत आहेत. ही या काळातली सर्वात चांगली चळवळ आहे असे आम्हाला वाटते. ज्याला लेख वाचता येतो त्याला कोणी पांडव सांगू शकत नाही.

दुसरे, माहितीचा अधिकार वापरा. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक संरक्षित लेण्याची हद्द कुठून कुठे आहे, शंभर मीटरच्या आत कोणती बांधकामे आहेत, अतिक्रमणाच्या किती नोटिसा गेल्या, हे लेखी विचारा. घोषणेपेक्षा एका अर्जाचे वजन जास्त असते.

तिसरे, फलकाची मागणी करा. लेण्याच्या दाराशी मूळ शिलालेख, त्याचे देवनागरी रूप आणि साधा मराठी अर्थ असा फलक हवा. भूतपाल, सामी सुतार, कोडी भिक्खुणी, बाधा, सियागुतणिका ही नावे तिथे हवीत. भाज्याजवळचा लोहगड 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. शिवरायांचा गड, आपल्याला आनंदच आहे. गडाकडे आता जास्त लोक येतील. वाटेवर धम्मगिरी थेराचा स्तूप आहे, हे त्यांना कळायला काय हरकत आहे?

चौथे, ही नावे शाळेत न्या. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत, बुद्धविहारात, बचतगटात न्या. कुणबी, कोळी, आगरी, धनगर मित्रांना सोबत न्या. 'लेणी आमची' म्हणण्यापेक्षा 'लेणी कष्टकऱ्यांची, आणि धम्माने त्यांना दाते बनवले' असे म्हणा. हे जास्त खरे आहे आणि जास्त दूर जाते.

शेवटी त्या मुलीकडे येतो. भाज्याहून परतताना मळवली स्टेशनवर लोकलची वाट बघत बसलो होतो. तिने वहीत नावे लिहून घेतली होती. म्हणाली, "बाधाची आई काय करत असेल?" आम्ही म्हटले, बहुतेक शेतातच काम करत असेल. मग ती म्हणाली, "माझी आई वलवणला बंगल्यात धुणीभांडी करते. तिचं नाव कुठं कोरलेलं नाहीये."

त्या मुलीला आम्ही लगेच काही उत्तर दिले नाही. लोकल आली, मुलांना मोजून डब्यात चढवले. पण त्या दिवसापासून आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर एक कागद लावला आहे. अभ्यासिकेसाठी ज्यांनी ज्यांनी काही दिले, त्यांची नावे त्यावर आहेत: कोणी पन्नास रुपये, कोणी जुनी सतरंजी, कोणी रविवारचे दोन तास झाडलोट. नावापुढे जात नाही, धंदा आहे. त्या मुलीच्या आईचे नाव तिसरे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!